स्मरणशक्ति आणि स्मरणधर्म

२०२५ सालच्या अखेरीस काशीक्षेत्रीं एका एकोणीस वर्षांच्या महाराष्ट्रीय तरुणानें जें केलें, त्याची वार्ता आपल्याकडील बहुतेक सुशिक्षित घरांत पोंचली असेलच. अहिल्यानगर जिल्ह्यांतील देवव्रत महेश रेखे यांनीं शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचें दंडक्रम पारायण, म्हणजे सुमारें दोन हजार मंत्रांचें एका अतिशय बिकट अशा उलटसुलट क्रमानें पठण, ग्रंथाकडे न पाहतां पन्नास दिवसांत पुरें केलें. ही वार्ता आली त्या रात्रीं आमच्या घरीं जेवतां जेवतां दोन पक्ष पडले. एका पक्षाचें म्हणणें कीं, अशी बुद्धि ईश्वरी देणगीच असली पाहिजे; आपणांसारख्यांनीं हात जोडावे आणि गप्प बसावें. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें कीं, आज सारें वाङ्मय खिशांतल्या यंत्रांत मावत असतां एवढे कष्ट पाठांतरावर घालविणें म्हणजे आगगाडी असतां पायीं काशीयात्रा करण्यासारखें आहे. वाद बराच रंगला. मला मात्र दोन्ही मतें अपुरीं वाटलीं. दोन्ही पक्ष स्मरणशक्तीची किंमत करीत होते, एक भारी आणि दुसरा हलकी. परंतु ती किंमत कोणत्या बाजारांत करावयाची याचा विचार कोणीच केला नव्हता.

प्रश्न असा आहे: असामान्य स्मरणशक्ति हा सद्गुण आहे काय? आणि तो नसेल, तर आठवण ठेवण्याच्या बाबतींत सद्गुण म्हणून ओळखतां येईल असें दुसरें कांहीं आहे काय? या प्रश्नाकडे मला जावें लागलें तें पुस्तकांतून नव्हे, तर माझ्या आचरें गांवांतील एका वृद्ध गृहस्थांमुळें. त्यांची हकीकत पुढें येईलच. आधीं स्मरणशक्ति ही वस्तु काय आहे हें थोडें पाहिलें पाहिजे.

स्मरणशक्तीविषयींचें आपलें आश्चर्य बऱ्याच अंशीं अज्ञानांतून उद्भवतें. जादूगाराच्या हातांतील युक्ति कळली म्हणजे जादू जशी कौशल्याच्या पदवीस येते, तसेंच येथेंहि होतें. वेदपठणाचें उदाहरण घ्या. मंत्रांतील पदांस अनुक्रमें एक, दोन, तीन असे अंक दिले, तर जटापाठांत एक-दोन, दोन-एक, एक-दोन असें म्हणत पुढें जावयाचें. घनपाठांत एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन अशा या आठ विकृति सांगितल्या आहेत. ऐकणारास हा केवळ बुद्धीचा व्यायाम वाटेल; परंतु यांतील हेतु फार व्यवहारी आहे. सरळ म्हणतांना एखादें अक्षर निसटलें तर तें कळून येणें कठीण. तेंच पद पुढून, मागून, शेजाऱ्यासह आणि शेजाऱ्यावांचून असें अनेक वेळां यावें लागलें म्हणजे चूक लपावयास जागाच राहत नाहीं. कागदावरील प्रत ताडून पाहण्यास दुसरी प्रत लागते. येथें एकाच कंठांत अनेक प्रती ठेवून त्या परस्परांशीं ताडून पाहण्याची सोय केलेली आहे. २००३ सालीं युनेस्कोनें वेदपठणाच्या या परंपरेस मानवजातीच्या मौखिक वारशांतील श्रेष्ठ कृतींत स्थान दिलें, तें या मौखिक शुद्धतेच्या शास्त्राचाहि गौरव मानण्यास हरकत नाहीं.

पाश्चात्त्यांच्या इकडे दुसरी एक युक्ति फार प्राचीन काळापासून चालत आली आहे. सिमोनिडीस नांवाचा ग्रीक कवि एका मेजवानीस गेला होता. तो कांहीं कारणानें बाहेर आला असतां आंतील छत कोसळलें आणि सर्व मंडळी ओळखूं येऊं नये अशा रीतीनें चिरडलीं गेलीं. तेव्हां कोण कोठें बसला होता हें आठवून त्यानें प्रत्येकाचें प्रेत त्याच्या आप्तांच्या स्वाधीन केलें. ही कथा सिसेरोनें सांगितली आहे, आणि तिच्यांतून निघालेला नियम असा कीं, जें लक्षांत ठेवावयाचें त्यास मनांतील एखाद्या परिचित वास्तूंत जागा नेमून द्यावी. मग त्या वास्तूंतून मनानें फेरी मारली म्हणजे वस्तू आपापल्या जागीं सांपडतात. २००३ सालीं लंडनमधील संशोधकांनीं अलौकिक स्मरणाबद्दल नांवाजलेल्या दहा व्यक्तींची परीक्षा केली. त्यांची बुद्धि सामान्यांहून विशेष नव्हती, मेंदूची रचनाहि निराळी आढळली नाहीं; दहांपैकीं नऊ जण मात्र हीच सिमोनिडीसची युक्ति योजीत होते.

याहूनहि बोलकें उदाहरण अमेरिकेतील एका विद्यार्थ्याचें आहे. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत आरंभीं त्यास चारचौघांप्रमाणें सातच आंकडे एकदां ऐकून म्हणतां येत. सुमारें दोनशें तीस तासांच्या सरावानंतर तो एकोणऐंशी आंकड्यांपर्यंत गेला. तो धांवण्याच्या शर्यतींतला गडी होता. ऐकलेल्या आंकड्यांचे लहान गट पाडून ते तो शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षांत ठेवी. पण आंकड्यांऐवजीं अक्षरें दिलीं तेव्हां हा विक्रमी पुरुष पुन्हां सहा अक्षरांवर येऊन थांबला. स्मरणशक्ति म्हणून एखादें पात्र मोठें झालें नव्हतें. एका विशिष्ट मालासाठीं चांगली फडताळें तयार झालीं होतीं, इतकेंच.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. असामान्य स्मरण हें बहुतांशीं कसब आहे. पोहणें, सुतारकी किंवा तबला यांच्या जातीचें. त्यास मेहनत लागते, आणि मेहनतीबद्दल आदर वाटणें योग्यच आहे. परंतु कसबाला स्वतःची नीति नसते. उत्तम पोहणारा बुडत्यास वांचवूं शकतो, तसाच चोरीचा माल घेऊन नदीपारहि जाऊं शकतो. तीव्र स्मरणशक्तीच्या सावकारानें कुळांस नागविल्याच्या कथा आपल्या खेड्यांतून कांहीं थोड्याथोडक्या नाहींत.

हा भेद ज्यानें स्वतःच्या आयुष्यांत करून दाखविला असा एक पुरुष आपल्या मुंबईनेंच पाहिला आहे. काठेवाडांतील ववाणिया येथें १८६७ सालीं जन्मलेले श्रीमद् राजचंद्र हे शतावधानी होते. अवधान म्हणजे अनेकांनीं तुटक तुटक, क्रम सोडून घातलेले प्रश्न, शब्द, आंकडे आणि समस्या एकाच वेळीं ध्यानांत धरून शेवटीं प्रत्येकाचें यथाक्रम उत्तर देणें. अशीं शंभर अवधानें करणारा तो शतावधानी. १८८७ सालीं मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें त्यांनीं हा प्रयोग केला तेव्हां ते विशींच्या आंतच होते. कीर्ति दाराशीं येऊन उभी राहिली. आणि अशा वेळीं त्यांनीं हे प्रयोग सोडून दिले. आत्मोन्नतीच्या मार्गांत ही कीर्ति आडवी येते असें त्यांस वाटलें. पुढें १८९१ सालीं विलायतेहून परत आलेल्या मोहनदास गांधी नांवाच्या तरुण बॅरिस्टरानें आपल्याला येत असलेल्या परभाषांतील शब्दांचा सांठा त्यांच्यापुढें रिकामा केला. राजचंद्रांनीं ते सर्व शब्द दिलेल्या क्रमानें परत म्हणून दाखविले. गांधीजींनीं आत्मचरित्रांत ही गोष्ट सांगितली आहे, पण तेथेंच स्पष्ट केलें आहे कीं, त्यांचें मन जिंकलें तें या शक्तीनें नव्हे, तर त्या पुरुषाच्या शास्त्रज्ञानानें, निर्मळ चारित्र्यानें आणि आत्मदर्शनाच्या तळमळीनें. शक्ति आणि थोरवी या दोन वस्तु निराळ्या आहेत, हें पाहणाऱ्यानें व दाखविणाऱ्यानें दोघांनींहि ओळखलें होतें.

उलट, स्मरणाची शक्ति आहे पण तिला आवर घालण्याचें साधन नाहीं, अशी अवस्था झाल्यास काय होतें? रशियन मानसशास्त्रज्ञ लूरिया यांनीं १९२० नंतरच्या दशकापासून अनेक वर्षें एका गृहस्थाचा अभ्यास केला. शेरेशेव्हस्की त्याचें नांव. निरर्थक अक्षरांच्या लांबच लांब याद्या तो पंधरा वर्षांनंतर, त्या दिवशीं समोरच्याच्या अंगावर कोणते कपडे होते यासह, म्हणून दाखवी. पण साधा उतारा वाचतांना एकेका शब्दागणिक चित्रांची अशी गर्दी होई कीं अर्थ हातचा जाई. ओळखीच्या माणसांचे चेहरे ओळखणें त्यास अवघड जाई, कारण चेहरा दर घटकेस बदलतो आणि त्याला तर प्रत्येक घटकेचा चेहरा वेगळा आठवत असे. नको असलेल्या आठवणी जाव्या म्हणून त्यानें त्या कागदावर लिहून कागद जाळून पाहिले. जळलेल्या कागदावरहि त्याला तीं अक्षरें दिसत. आपण विस्मरणास स्मृतीचा शत्रु समजतों. वास्तविक तो तिचा द्वारपाल आहे. द्वारपाल नसलेल्या वाड्यांत बाजार भरतो, संसार होत नाहीं.

आतां मी आचऱ्याकडे वळतों.

मालवण तालुक्यांतील आमचें हें गांव खाडीच्या आणि समुद्राच्या कुशींत आहे. ग्रामदैवत श्रीरामेश्वर. या गांवची एक चाल अशी कीं, कांहीं वर्षांच्या अंतरानें, रामेश्वराचा कौल घेऊन, सारा गांव घरादारांस कड्या लावून बाहेर पडतो. माणसें, गुरें, कोंबड्या, कुत्रीं सर्व शिवेपलीकडे नेलीं जातात, आणि तीन दिवस तीन रात्रीं लोक राहुट्यांत काढतात. हिला गांवपळण म्हणतात. तिची कारणें कोणी भुताखेतांत शोधतात, कोणी आरोग्यशास्त्रांत. त्या वादाशीं आज आपणांस कर्तव्य नाहीं. एवढें खरें कीं, एरव्हीं ज्यांच्या अंगणांमध्यें गडगा आहे अशीं घरें त्या तीन दिवसांत एकमेकांच्या हाताच्या अंतरावर येतात. आणि ज्यांचें बोलणें बंद आहे त्यांनाहि एकमेकांचा खोकला ऐकत झोंपावें लागतें.

आमच्या वाडींत एक आजोबा होते. त्यांचें नांव मी सांगत नाहीं. आम्ही सर्व त्यांस आबा म्हणत असूं. शाळेचें तोंड त्यांनीं फारसें पाहिलें नव्हतें. पण वाडींतील कोणत्या हिश्शांत किती माड, कोणता गडगा कोणी कोणाच्या हयातींत घातला, व्हाळाचें पाणी कोणत्या पावसाळ्यांत फिरलें, कोणाची मुलगी कोठें दिली आणि त्या लग्नांत कोण रुसलें, हें सारें त्यांच्या मुखांत असे. शेतजमिनीची वांटणी असली कीं मंडळी तलाठ्याच्या आधीं आबांकडे जात. मी त्यांस एकदां विचारलें होतें कीं, हें सर्व ध्यानांत कसें राहतें. ते म्हणाले कीं, डोळे मिटून खाडीच्या कांठापासून चालावयास लागतों. पहिला माड भेटतो, मग त्याचा मालक भेटतो, मग मालकाचा बाप भेटतो. सिमोनिडीसचें नांवहि न ऐकलेला हा मनुष्य त्याच्याच वाटेनें चालत होता. देवळांत गाऱ्हाणें घालणारा जेव्हां देवस्थळांचीं आणि शिवेवरल्या राखणदारांचीं नांवें एका दमांत घेत जातो आणि बाकीची मंडळी ‘होय म्हाराजा’ म्हणून त्यास साथ देतात, तेव्हां मला अजूनहि आबांची ती मनांतल्या मनांतली फेरी आठवते.

मी नुकताच एम्. ए. होऊन गांवीं आलों होतों, त्या वर्षीं गांवपळण होती. आमच्या राहुटीसमोर शेकोटी पेटली होती आणि दहापांच मंडळी जमलीं होतीं. त्यांत एका भाऊबंदकीच्या दोन्ही बाजूंचीं माणसें होतीं. वडिलांच्या पिढींत वांटणीच्या दिवशीं दोघां भावांत मोठें भांडण झालें होतें. तेव्हांपासून दोन्ही घरांत जाणेंयेणें नव्हतें. भांडणारे भाऊ आतां हयात नव्हते. वैर मात्र वारसाहक्कानें पुढें आलें होतें. थोरल्याच्या मुलानें आबांस प्रथम हद्दीविषयीं विचारलें. आबांनीं हद्द सांगितली. फणसापासून गडग्याच्या कोपऱ्यापर्यंत, गडग्यापासून व्हाळापर्यंत, एकेक पाऊल. ती धाकट्याच्या घराला सोयीची होती, तरी थोरल्याच्या मुलानें मान्य केली, कारण आबांच्या शब्दावर गांवांत अपील नसे. मग तो थोडा पुढें सरकला आणि त्यानें दुसरा प्रश्न केला: ‘आबा, त्या दिसा काकान माझ्या बापाशीक चोर म्हटल्यान काय?’

सगळे गप्प झाले. आबांनीं शेकोटींत एक काटकी सारली आणि म्हणाले, ‘माका आठवणा नाय.’

दोन क्षणांनीं कोणीतरी विषय बदलावा म्हणून विचारलें कीं, देवळाच्या वाटेवरचा मोठा आंबा कोणत्या वर्षीं पडला. आबांनीं वर्ष सांगितलें, तिथि सांगितली, आणि तो पडला तेव्हां खालीं कोणाची गाय बांधलेली होती तेंहि सांगितलें. तेथें बसलेल्या प्रत्येकास कळून चुकलें कीं, आबांना आठवत होतें. आणि पुन्हां तो प्रश्न कोणीं विचारला नाहीं.

मी तेव्हां नवा पदवीधर होतों. कांटनें १७९७ सालीं लिहिलेला, परोपकारासाठींहि असत्य बोलण्याचा अधिकार कोणास नाहीं असें प्रतिपादणारा निबंध नुकताच वाचला होता, आणि तो वापरून पाहण्याची घाई झाली होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी आबांस एकांतांत गांठून म्हटलें कीं, आपण काल खोटें बोललां. सारा गांव आपल्या आठवणीवर विसंबतो, तिलाच आपण बट्टा लाविला. आबांना राग आला नाहीं. ते म्हणाले, ‘झिला, ठेवलेला सगळाच भायर काढूचा नसता.’ एवढेंच बोलून ते गुरांकडे निघून गेले. मला तें उत्तर पळवाटेचें वाटलें, आणि पुढें कित्येक वर्षें नीतिशास्त्राच्या तासास मी ही हकीकत, अर्थात् नांवगांव वगळून, सोयीस्कर असत्याचें उदाहरण म्हणून विद्यार्थ्यांपुढें ठेवीत असें.

आबा वारल्यावर बऱ्याच वर्षांनीं माझ्या वडिलांकडून मला उरलेली गोष्ट कळली. त्या वांटणीच्या दिवशीं माझे वडील तेथें हजर होते. चोर हा शब्द उच्चारला गेला होता हें खरें. परंतु त्या दिवसाचे सर्वांत विखारी शब्द भावानें भावास उद्देशून काढलेच नव्हते. ते आबांस उद्देशून काढलेले होते. आबांनीं पैसे घेऊन हद्द सरकविली असा आरोप, आणि त्यापाठोपाठ त्यांच्या दिवंगत आईविषयीं कांहीं शब्द, असें तें बोलणें होतें. आबा तेथून उठून घरीं गेले आणि दोन दिवस जेवले नाहींत. म्हणजे त्या राहुटीसमोर ज्या दिवसाची आठवण त्यांच्याकडे मागितली जात होती, तो दिवस त्यांच्या स्वतःच्या अपमानाचा दिवस होता. ज्यानें ते शब्द उच्चारले त्याचा मुलगाच समोर बसला होता. त्याला ते ऐकवून वर्षानुवर्षांचें उट्टें काढावयाची संधि आपल्या पायांनीं चालत आली होती. आणि आबा म्हणाले, आठवत नाहीं.

त्या दिवसापासून मी ती हकीकत वर्गांत सांगणें बंद केलें. तीस वर्षें मी एका मनुष्यावर असत्याचा आरोप ठेवून होतों, आणि तोहि अर्धी हकीकत माहीत असतां. या चुकीचें ओझें मला अजून वाटतें; प्रस्तुत लेख तें थोडें उतरविण्याचा प्रयत्न आहे.

येथें वाचक विचारतील कीं, एवढ्यानें असत्याचें सत्य झालें काय? नाहीं. ‘आठवत नाहीं’ हें वाक्य शब्दशः खोटेंच होतें. परंतु महाभारतांत धर्मराजानें अश्वत्थाम्याविषयीं जें सांगितलें तें शब्दशः खरें होतें, आणि त्या खऱ्या शब्दांनीं द्रोणाचार्यांचा घात झाला; शिक्षा म्हणून धर्मराजाचा रथ जमिनीस टेकला. शब्दांचें खरेखोटेपण आणि बोलणाऱ्याचा सच्चेपणा यांची जुळणी नेहमींच होते असें नाहीं, एवढें आपल्या परंपरेनें फार पूर्वीं पाहिलेलें आहे. आबांच्या त्या वाक्यानें तेथें कोणी फसलाहि नव्हता. सर्वांस अर्थ समजला होता: मी हें तुमच्या हातांत देणार नाहीं.

अधिक गंभीर आक्षेप दुसराच आहे. विसरण्याचा उपदेश बहुधा कोण करतें? ज्याच्या हातून अन्याय घडला तो. दुबळ्याची जमीन बळकावणारा, सुनेचा छळ करणारें घर, कामगाराची मजुरी बुडविणारा, हे सारे ‘झालें गेलें गंगेला मिळालें’ हें वचन मोठ्या भक्तिभावानें म्हणतात. अशा विसरण्यास क्षमा म्हणणें म्हणजे चोरानें हिशेबाची वही जाळून तीस होळी म्हणण्यासारखें आहे. हा आक्षेप मला पूर्णपणें मान्य आहे. आणि आबांनीं काय केलें तें नीट पाहिलें असतां, त्यांनाहि तो मान्य होता असें दिसतें. हद्द त्यांनीं सांगितली. जेथें कोणाच्या हक्काचा प्रश्न होता तेथें त्यांनीं एक पाऊलहि गाळलें नाहीं, मग ती कोणास सोयीची असो वा नसो. गाळलें तें फक्त असें कीं, ज्यांतून कोणास कांहीं मिळावयाचें नव्हतें, केवळ जखम मिळावयाची होती. आणि त्या जखमेंतील सर्वांत खोल घाव स्वतः त्यांचा होता. दुसऱ्याचें देणें विसरण्याचा अधिकार कोणास नाहीं. स्वतःचें येणें सोडून देण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. स्मरणाचा धर्म मला या दोन वाक्यांत सांपडतो.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे आरंभींच्या जेवणाच्या वेळच्या वादाचाहि निराळा अर्थ लागतो. दंडक्रम म्हणणाऱ्या तरुणाचें थोरपण त्याच्या मेंदूच्या विस्तारांत शोधावयाचें कारण नाहीं, आणि यंत्रांत तेंच मावतें म्हणून तें हलकेंहि होत नाहीं. तो दुसऱ्यांची एक ठेव संभाळतो आहे. मिळाली तशी पुढें देण्यासाठीं त्यानें आपलें तारुण्य तिच्या स्वाधीन केलें आहे. हेमा रैरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. त्या ओव्या ज्यांच्या कंठांत पिढ्यानुपिढ्या राहिल्या त्या बायकांस शतावधानी कोणी म्हटलें नाहीं, सभागृहांत बोलावून पदक दिलें नाहीं. दळतांना आईनें म्हटलें तें लेकीनें धरलें, एवढेंच. स्मरणाचें प्रदर्शन आणि स्मरणाची राखण यांत हा फरक आहे. राजचंद्रांनीं टाकलें तें प्रदर्शन.

आज हा विचार करण्याची विशेष निकड आहे. लेखनकला निघाली तर लोक आठवणें सोडून देतील, अशी एका प्राचीन राजाची भीति प्लेटोनें आपल्या एका संवादांत वर्णिली आहे. आमच्या काळाचें संकट त्याच्या नेमकें उलट आहे. आमच्या खिशांतल्या यंत्रास कांहींच विसरतां येत नाहीं. सात वर्षांपूर्वीं रागाच्या भरांत बहिणीनें भावास लिहिलेला मजकूर त्यांत तारीख आणि वेळ यांसह जसाच्या तसा पडलेला असतो, आणि नव्या भांडणांत बोटाच्या एका स्पर्शानें वर येतो. पूर्वीं कठोर शब्द वाऱ्यावर जात. ऐकणाऱ्याच्या मनांत थोडे राहत, तेहि झिजत झिजत गुळगुळीत होत. आतां त्यांस गंजहि चढत नाहीं. यंत्राजवळ आबांहून कोट्यवधि पटींनीं अधिक सांठा आहे. पण हद्द कोणती आणि घाव कोणता हें त्याला कळत नाहीं, आणि ‘आठवत नाहीं’ म्हणण्याची दानत त्याच्या ठायीं नाहीं. ती ज्याच्या हातांत यंत्र आहे त्यानेंच दाखवावी लागणार. ज्या मुलांस आपण घोकंपट्टीच्या नांवाखालीं पाठांतरापासून सोडविलें, त्यांस निदान एवढें तरी शिकविलें पाहिजे कीं, आपल्यापाशीं असलेलें सर्व बाहेर काढण्यासाठीं नसतें.

गेल्या खेपेस मी आचऱ्यास गेलों तेव्हां त्या दोन्ही घरांतील नातवंडें एकत्र क्रिकेट खेळत होतीं. मधला गडगा एका जागीं ढासळला आहे आणि चेंडू आणावयास जाण्यास ती वाट सोयीची पडते. त्यांतील एक मुलगा, आतां महाविद्यालयांत जातो, संध्याकाळीं मजकडे आला. घराण्याचा इतिहास लिहावयाचा त्याचा मनोदय आहे. हद्दी, झाडें, वंशावळ यांविषयीं मला वडिलांकडून जें कळलें होतें तें मी त्यास सर्व सांगितलें. शेवटीं त्यानें वही मिटतां मिटतां विचारलें कीं, पणजोबा आणि त्यांचे भाऊ यांचें वांटणीच्या दिवशीं नेमकें काय बोलणें झालें होतें.

तें बोलणें ऐकलेला कोणी आतां हयात नाहीं. वडिलांनीं मला ते शब्द एकदांच सांगितले. ते मला पाठ आहेत, आणि पन्नाशी उलटल्यावर जरी नांवें विसरूं लागलों असलों तरी ते विसरलेलों नाहीं. मी त्या मुलास काय उत्तर दिलें तें वाचकांनीं ओळखलें असेलच.